जिताडा सोडा म्हटलं की भांडण

खाडीवर हौसेने गळ टाकणाऱ्यांपुढे मासा केवढा आणि किती न्यायचा हा विषय काढा, उत्तर ठरलेलं: "आधी ट्रॉलरवाल्यांना, त्या मोठ्या जाळ्यांच्या बोटींना सांगा!" अहो, त्यांनाही सांगायलाच हवं. राज्य सरकारने 2023 मध्ये 54 प्रजातींचा पकडण्यासाठीचा किमान आकार ठरवलाय तो त्यासाठीच. पण म्हणून तुमच्या पिशवीतली जिताड्याची, म्हणजे खाडीतल्या या मोठ्या वाढणाऱ्या माशाची, वीतभर पिल्लं माफ होतात का? आणि वर फोटोत मोठी दिसावीत म्हणून हात लांब करून धरायची!

जिताडा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. म्हणजे पिल्लू मारलं तर पुढची मादी गेली, धूड मारलं तर भरल्या गाभोळीची, म्हणजे पोटात अंडी असलेली मादी गेली. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या खाड्यांत 58 सेंमीखालचा सोडावा लागतो, 120 सेंमीवरचाही, आणि जवळ ठेवायचे जास्तीत जास्त पाच. आपल्याकडे मात्र "एवढा मोठा लागलाय, सोडतो कोण?"

ज्याचं पोट यावर आहे त्या कोळ्याचं वेगळं. तुम्ही रविवारची हौस म्हणून येता ना? मग कालवणापुरते दोन न्या की! बाकीच्या माशांचा गळ ओल्या हाताने काढा, शेपटी मारेपर्यंत पाण्यात धरा, सोडून द्या. एवढ्यावरून दरवेळी हमरीतुमरी कशाला?