चार तासांचा तक्ता आणि न वाजणारा एफ : ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि पहिल्यांदा रागच आला, खोटं कशाला सांगू. ‘उंटावरून शेळ्या हाकायला तुमचं काय जाते, भाऊ’ या वाक्याला मी मनातल्या मनात चार तिखट उत्तरं रचली. मग कूलरमध्ये पाणी सोडायला उठलो, परत येऊन पुन्हा वाचलं आणि चारही उत्तरं गिळली.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एप्रिलमध्ये मी नव्याने गिटार शिकणाऱ्यांसाठी ‘चाळीस दिवसांचा उन्हाळी रियाज’ म्हणून एक तक्ता दिला होता. रोज चार तास. एक तास बोटांचे व्यायाम आणि स्केल (सुरांची चढ-उतार), एक तास कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), एक तास स्ट्रमिंग (लयीत तारा छेडणं), एक तास गाणी. ताईंनी बँकेतून रजा काढून तो अकरा दिवस पाळला. अकराव्या दिवशी डाव्या मनगटातून कोपरापर्यंत कळ निघायला लागली. मेट्रोनोमने, म्हणजे लयीचे ठोके देणाऱ्या यंत्राने, हाताचं शिलाई मशीन झालं. आणि एवढं करून एफ कॉर्ड (पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं टाकून धरायचा तो) अजून ‘ठप्प’च वाजतो. वर त्यांचं म्हणणं असं की हा तक्ता दहावीच्या पोरांच्या वेळापत्रकासारखा आहे; तास लिहिले आहेत, त्या तासात बसून नेमकं काय ऐकायचं ते कुठेच लिहिलेलं नाही.

हे शेवटचं मला लागलं, कारण ते खरं आहे. मेट्रोनोमवर मात्र मी भांडणार आहे.

आधी मनगट. बोटांची टोकं दुखणं आणि मनगट दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी लेखात ‘सुरुवातीला दुखतंच, लक्ष देऊ नका’ असं सरसकट लिहून टाकलं. ती माझी चूक. टोकं दुखतात ती कातडी. दोन-तीन आठवड्यांत घट्टे पडतात आणि ते दुखणं जातं. मनगटात, कोपराच्या आतल्या बाजूला किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, मुंग्या येतात, सकाळी मूठ वळत नाही, ते कातडीचं काम नाही. कळ अजून असेल तर गिटार कव्हरात घाला आणि हात डॉक्टरांना दाखवा. रजा संपत आली, चाळीस दिवस पूर्ण झाले नाहीत, याचा विचार करू नका.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षी गॅदरिंगच्या आधी तीन आठवडे मी रोज सहा-सहा तास वाजवत होतो. शेजारचे काका गच्चीवरून ओरडायचे, ‘काय बे, दिवसभर टिंगटिंग करून राहिला!’ मला तेव्हा ते कौतुकासारखं वाटायचं. गॅदरिंगच्या चार दिवस आधी स्कूटरचा क्लच दाबता येईना. शंकरनगरच्या चौकात सिग्नल सुटला, मागे हॉर्न वाजताहेत, आणि मी डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने दाबून गिअर टाकतोय. गॅदरिंग गेलंच, पुढचे सहा आठवडे गिटारही बंद. लिऑन फ्लायशर या अमेरिकन पियानोवादकाच्या उजव्या हाताची बोटं १९६४ साली वळून बसायला लागली, आणि दोन्ही हातांनी वाजवत मंचावर परतायला त्याला तीस वर्षांच्या आसपास लागली. त्याचा आजार वेगळा, फोकल डिस्टोनिया (बोटं आपोआप आखडणं), तुमचं दुखणं ते नव्हे. घाबरवायला सांगत नाही. पण हात ही मेहनतीने वाढतच जाणारी वस्तू आहे हा समज माझ्या तक्त्यात ठासून भरला होता.

चार तास आले कुठून, हेही विचारलंत. दोन ठिकाणांहून उचलले होते. एक म्हणजे आपल्याकडचा चिल्ला, चाळीस दिवस कोंडून घेऊन केलेला रियाज. तो शब्द मला फार आवडतो, म्हणून वापरला. पण चिल्ल्याला बसणारा आधीच तयारीचा असतो, आणि चुकलं की कान धरणारा गुरू जवळ असतो. तुमच्या शेजारच्या खोलीत बहुतेक सासूबाई टीव्ही बघत असतील. दुसरं, मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा बर्लिनच्या व्हायोलिन विद्यार्थ्यांवरचा अभ्यास. त्यातले सगळ्यात चांगले विद्यार्थी एकट्याने रोज सरासरी साडेतीन तास वाजवत, तेही एका दमात नाही. सव्वा-दीड तासाच्या बैठका, मधे विश्रांती, आणि दुपारी झोप. लहानपणापासून वाजवणाऱ्या, त्यातच करिअर करायला निघालेल्या पोरांचा हा आकडा. मी तो थोडा वाढवून, सहा महिन्यांपूर्वी गिटार घेतलेल्या माणसाच्या पहिल्याच दिवशी ठेवला. आणि नागपूरकराला जे शिकवावंच लागत नाही ते दुपारचं झोपणं नेमकं गाळलं.

आता एफ. यावर जरा बसतो, कारण मला शंका आहे की दोष तुमच्या बोटाचा नाहीच.

तुम्ही लिहिलंत की गिटार बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून घेतली, साडेचार हजाराची, आणि घेतल्यापासून कुणाला दाखवली नाही. या किमतीच्या गिटारच्या तारा पुष्कळदा फ्रेटबोर्डपासून (तारा जिच्यावर दाबतो ती लांब पट्टी) फार उंच असतात. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे त्यावरची आडवी धातूची तार) मोजपट्टी उभी धरा आणि फ्रेटच्या माथ्यापासून सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. अडीच मिलीमीटरच्या आसपास असेल तर ठीक. पहिल्या तारेखाली दोनच्या आसपास. साडेतीन-चार निघाले तर तुम्ही अकरा दिवस रियाज नाही, व्यायाम केला. दुसरी तपासणी नटची, म्हणजे डोक्याकडची ती पांढरी खाचांची पट्टी. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चाप) लावा आणि एफचाच आकार एक फ्रेट पुढे धरा. एकदम सोपा झाला तर नटच्या खाचा उथळ आहेत. त्या कानशीने खोल करायचं काम जाणत्या माणसाचं. घरी करायला जाऊ नका, एक घासा जास्त बसला की तार उघडी वाजवताना फ्रेटवर झणझणते.

तोवर दोन स्वस्त उपाय. तारांचा बारीक सेट घाला. बाराचा असेल तर दहाचा (हे आकडे तारेच्या जाडीचे). आणि सगळी गिटार अर्धा सूर खाली लावा. अर्ध्या सुराने तारेचा ताण साधारण अकरा टक्के उतरतो. गाण्याबरोबर वाजवायचं झालं तर पहिल्या फ्रेटवर कॅपो, सूर जागेवर.

मग बोट. एफमध्ये पहिल्या बोटाने सहाही तारा सारख्या दाबायच्या असतात असं मीच लिहिलं होतं. आता नीट बघा. पाचवी, चौथी आणि तिसरी तार दुसऱ्या बोटांनी पुढच्या फ्रेटवर दाबलेली असते. म्हणजे पहिल्या बोटाला खरोखर वाजवायच्या आहेत फक्त सहावी, दुसरी आणि पहिली. मधल्या तीन तारांवर ते नुसतं पडलेलं असलं तरी चालतं. तरी दुसरी तार ठप्प येतेय ना? बहुतेक ती बोटाच्या सांध्याच्या घडीत जाते. बोट एक-दोन मिलीमीटर वर किंवा खाली सरकवा आणि किंचित अंगठ्याकडच्या कडेवर वळवा. ती कड हाडाची असते, मऊ नसते. अंगठ्याने मागून चिमटा काढू नका. कोपर शरीराजवळ घ्या आणि हाताच्या वजनाने मागे ओढा. खरं वाटत नसेल तर अंगठा पूर्ण उचलून वाजवून बघा. नीट नाही वाजणार, पण वजन कुठून यायला हवं ते कळेल.

आणि हा एक खेळ रोज तीन मिनिटं: आकार धरायचा पण दाबायचं नाही. तारा छेडल्या की मेलेला आवाज येतो. मग दाब हळूहळू वाढवत न्यायचा आणि ज्या क्षणी सूर फुटतो तिथेच थांबायचं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा कळलं की मी वर्षानुवर्षं गरजेपेक्षा किती तरी जास्त दाबत होतो.

मनगट बरं होईपर्यंत पूर्ण एफच्या वाटेला न जाता एफ मेजर सेव्हन वापरा. सी कॉर्ड धरलेला आहे असं समजा. पहिलं बोट दुसऱ्या तारेवर आहे तिथेच राहू द्या, हलवायचंच नाही. बाकीची दोन बोटं आपापल्या फ्रेटवरच, फक्त एकेक तार खाली, बारीक तारांच्या दिशेने सरकवा. पहिली तार उघडी, जाड दोन वाजवायच्या नाहीत. झालं. बहुतेक गाण्यांत ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, आणि कळला तर तो स्वतः गिटार वाजवणारा असतो, त्याची पर्वा करू नये.

ऐकायचं काय, हा तुमचा खरा प्रश्न. तक्त्यात ‘कॉर्ड : एक तास’ लिहिलं होतं. त्याऐवजी असं लिहायला हवं होतं: ‘सीवरून एफ मेजर सेव्हनवर जाताना चौथी तार उशिरा लागते का?’ दहा मिनिटं, एवढंच. मोबाइलवर एक मिनिट रेकॉर्ड करायचं, ऐकायचं, वहीत एक ओळ. मग तो विषय सोडून दुसरा, आणि थोड्या वेळाने पुन्हा पहिला. हे सोडून परत येणं मुद्दाम आहे. शे आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ साली हाताच्या हालचाली शिकवून बघितल्या: एकच हालचाल सलग घोटणारे सरावात पुढे दिसले, पण नंतर परीक्षा घेतली तेव्हा आलटून-पालटून शिकणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. तुमचा सहाव्या दिवसाचा अनुभव, ‘रात्री छान आलं, सकाळी कोरी पाटी’, तो हाच. तुमची बुद्धी कमी नव्हती, माझा तास लांब होता.

आता भांडण. शिलाई मशीन मेट्रोनोममुळे झालं हे मला मान्य नाही. मशीन होतं ते प्रत्येक ठोक्यावर टेकल्याने. गाणं ८० च्या लयीत, म्हणजे मिनिटाला ८० ठोके, असेल तर मेट्रोनोम ४० वर लावा आणि ते ठोके दुसरी आणि चौथी मात्रा आहेत असं धरा. पहिली आणि तिसरी तुम्ही सांभाळायची. पहिले दोन दिवस पाय घसरल्यासारखं होईल. पण तबल्याबरोबर गाणारी माणसं तालातली ‘खाली’ ओळखून समेवर येतातच ना, ठोका नसलेली जागा त्यांना भरता येते. तेच करायचंय. रोज लय पाचने वाढवा असं मी लिहिलं होतं, ते मात्र खोडा. रेकॉर्डिंगमध्ये लागोपाठ तीनदा स्वच्छ आलं तरच वाढवा. खांदा वर उचलला गेला की कमी करा.

राहिला आपला उन्हाळा. याबद्दल लेखात एक शब्द नव्हता, आणि तुम्ही ‘दुपारी कूलरसमोर बसून’ असं लिहिलंत तेव्हा मला घाम फुटला. नवतप्यात, म्हणजे सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, बाहेर हवा कोरडीठाक, आणि वाळ्याच्या ताट्यांमागून येणारी हवा ओली. लाकूड ओल पितं, फुगतं, गिटारचं पोट वर येतं आणि तारा आणखी उंच होतात. म्हणजे सकाळी जमलेला एफ दुपारी न जमण्याला लाकडाचंही कारण असू शकतं. शिवाय कूलरची घरघर. तिच्यावर आपला आवाज ऐकू यावा म्हणून माणूस नकळत जोरात छेडतो, जोरात दाबतो. माझ्या स्वतःच्या उन्हाळ्यातल्या रेकॉर्डिंगमध्ये हे इतकं उघड ऐकू येतं की लाज वाटते. तेव्हा सकाळी साडेपाच ते सव्वासहा, पंखा बंद, खिडकी उघडी. संध्याकाळी दिवे लागल्यावर पंचवीस मिनिटं. दुपारी गिटार भिंतीकडच्या, कूलरची हवा थेट न लागणाऱ्या कोपऱ्यात, आणि तुम्ही झोपा. गाडीत तर कधीच ठेवू नका. मी एकदा मे महिन्यात फुटाळा तलावावर गाडी उभी करून मित्रांबरोबर गप्पा मारत बसलो, परत येऊन बघतो तर ब्रिजच्या (गिटारच्या पोटावर तारा अडकवतात ती पट्टी) मागची कड उचललेली. डिंक उन्हाने सैल झाला होता.

म्हणजे सव्वा तासही भरत नाही, हे मलाही दिसतंय. नोकरीवर रुजू झाल्यावर हेच टिकेल. रजा उरलीच असेल आणि हात पूर्ण बरा असेल तर मधे आणखी एक बैठक घाला, सातव्या दिवशी सुट्टी घ्या. त्याहून जास्त मी आता कुणालाही लिहून देणार नाही.

जुना तक्ता आज काढतोय. त्याच्या जागी तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली तर चालेल का, ते कळवा.

आणि बाराव्या फ्रेटवरचं माप नक्की पाठवा. फक्त पट्टी बघून घ्या. कंपासपेटीतल्या पट्टीला शून्याच्या आधी थोडी कोरी जागा असते. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा ती धरलीच नाही, आणि आठवडाभर माझ्या गिटारच्या तारा अगदी योग्य उंचीवर आहेत म्हणून सगळ्यांना सांगत फिरलो.