बारभाईचा घोडा कसा घ्यावा

अख्खा घोडा विकत घेणं हे सुलतानांचं नाहीतर वेड्यांचं काम. शहाण्या माणसाने घोड्याचे अडीच टक्के घ्यावेत. अडीच टक्क्यांत घोड्याचा नेमका कोणता भाग येतो हे कुणी सांगत नाही, पण महिन्याची बिलं सुरू झाली की आपल्या वाट्याला पोट आलंय याची खात्री पटते. बारभाईची शेती, काय लागेल हाती, असं जुनी माणसं म्हणून गेली खरी, पण त्यांच्या काळी सिंडिकेट, म्हणजे भागीदारीत घोडा घेणारी मंडळी, नव्हतं. सिंडिकेटमध्ये भाऊ बारा नसतात, चाळीस असतात. आणि हाती काय लागलं ते शेवटच्या हिशोबाच्या पीडीएफमध्ये कळतं. आमची ती पीडीएफ नुकतीच आली. तिच्याबद्दल पुढे बोलूच. आधी तुमचं भलं करतो.

घोडा निवडताना घोडा पाहू नका, माहितीपत्रक पाहा. त्यात तुम्हाला फनी साइड भेटेल. न्यूयॉर्क राज्यातल्या एका लहान गावच्या शाळासोबत्यांनी भागीदारीत घेतलेला हा घोडा २००३ साली केंटकी डर्बी ही अमेरिकेतली सगळ्यात नावाजलेली शर्यत जिंकला, आणि मालकमंडळी शर्यतीला चक्क पिवळ्या स्कूलबसमधून आली होती. ड्रीम अलायन्सही भेटेल. वेल्समधल्या एका बारमध्ये काम करणाऱ्या बाईने गावकऱ्यांकडून आठवड्याला दहा-दहा पौंड जमवून तो वाढवला, आणि २००९ साली त्याने वेल्श नॅशनल ही तिथली मोठी शर्यत मारली. दोन्ही गोष्टी अगदी खऱ्या आहेत. लॉटरी लागलेल्या माणसाचा जाहिरातीतला फोटोही खराच असतो.

माहितीपत्रकात ग्रीन मंकी मात्र भेटणार नाही. २००६ साली तो लिलावात १ कोटी ६० लाख डॉलरला गेला. विक्रीआधीच्या चाचणीत त्याने एक फर्लांग, म्हणजे सुमारे दोनशे मीटर, ९.८ सेकंदांत कापला होता, तेवढ्यावर भल्याभल्यांचे डोळे फिरले. पुढे तो तीन शर्यती धावला, एकही जिंकला नाही, आणि त्याची एकूण कमाई झाली १०,४४० डॉलर. स्नाफी डान्सरही तिथे नसेल. १९८३ साली एक वर्षाचं हे शिंगरू १ कोटी २ लाख डॉलरला घेतलं. ते इतकं मंद निघालं की शर्यतीत कधी उतरवलंच नाही. मग पैदाशीसाठी ठेवलं तर तिथेही बोंब, उभ्या आयुष्यात चार शिंगरं. जगातले सगळ्यात नावाजलेले पारखी पदरी बाळगणाऱ्यांची ही गत. पण तुमच्या सिंडिकेटच्या मॅनेजरची नजर वेगळी. त्याला शिंगराच्या डोळ्यांत 'काहीतरी' दिसलंय.

लिलावातली बोली जाहीर असते. ती शोधू नका, आणि शोधलीतच तर स्वतःच्या शेअरच्या किमतीला चाळीसने गुणून पाहू नका.

करारनामा वाचायचा नसतो. वाचलात तर तुम्ही मालक नसून दोन हंगामांचे भाडेकरू आहात आणि घोडा ज्याचा होता त्याचाच राहणार आहे, असं काहीतरी बारीक अक्षरांत निघायचं. किंवा शर्यतीचे हक्क तुमचे आणि पैदाशीचे दुसऱ्याचे, असं. २०१८ साली जस्टिफायने अमेरिकेचा ट्रिपल क्राउन, म्हणजे एकाच वर्षातल्या तीन ठरलेल्या मोठ्या शर्यती, जिंकला तेव्हा त्याच्या भागीदारांतल्या काहींकडे फक्त पळण्याचे हक्क होते. खरा पैसा घोडा पळायचा थांबल्यावर होता, आणि त्या पंगतीत त्यांचं पान नव्हतं. तुमच्यावर ही वेळ येणार नाही म्हणा. तुमचा बहुतेक खच्ची केलेला असेल.

बक्षिसाचं गणित मांडू नका. साधारण दहा टक्के ट्रेनरचे, दहा जॉकीचे, मग व्यवस्थापन शुल्क, मग उरलेल्याचे चाळीस भाग. बिलाला मात्र असले पाझर नसतात. घोडा पहिला येवो, शेवटचा येवो किंवा तबेल्यात उभा राहून गवत चघळो, नालबंद, डॉक्टर, वाहतूक, विमा, खुराक सगळं दर महिन्याला न चुकता येतं.

ट्रेनरवर विश्वास ठेवा. घोडा हरला तर मैदान ओलं होतं. मैदान कोरडं असताना हरला तर ते फार कडक होतं. अंतर कमी पडलं, नाहीतर जास्त झालं. जॉकीने लवकर सोडला, नाहीतर उशिरा. आणि अगदीच काही सुचलं नाही तर 'अजून लहान आहे हो'. हे मात्र कधीकधी खरं असतं. उत्तर गोलार्धात शर्यतीचे सगळे घोडे १ जानेवारीला आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये १ ऑगस्टला एका वर्षाने मोठे होतात, मग जन्म कधीचाही असो. त्यामुळे मे महिन्यात जन्मलेलं पोर जानेवारीत जन्मलेल्या दांडगटाशेजारी 'समवयस्क' म्हणून उभं राहतं. आमच्या ग्रुपवर १ जानेवारीला केकचा फोटो आला होता. केकचे पैसे 'संकीर्ण'मध्ये लावले होते.

जिंकल्यावरच्या फोटोसाठी कोपरं टोकदार ठेवा. २०२० साली ऑथेंटिक केंटकी डर्बी जिंकला तेव्हा पाच हजारांहून जास्त लोकांचा त्याच्यात चिमूटभर वाटा होता, आणि करोनामुळे प्रेक्षागार रिकामं. मालक घरोघरी टीव्हीसमोर. त्या वर्षी तरी कुणाची कोपरं कुणाला लागली नसतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ग्रुपवर येणारे फोटो. ते मन लावून पाहा, 'वा', 'राजबिंडा' वगैरे लिहा, आणि त्यांत काय नाही याचा विचार करू नका. आमच्या घोड्याचे फोटो दर रविवारी येत. दारावरून मान बाहेर, कान टवकारलेले, कपाळावरचा पांढरा टिळा चमकतोय. खाली ओळ, 'आज स्वारी खुशीत!' हळूहळू सगळे फोटो छातीपासून वरचे यायला लागले. घोडा म्हणजे जणू निवडणुकीचा उमेदवार. पाय दिसायचेच बंद झाले. एका फोटोत तळाच्या कोपऱ्यात पट्टीची पांढरी कड दिसली म्हणून मी विचारलं, तर उत्तर आलं, 'रूटीन'. पुढे एक हसरा चेहरा. त्याच्याखाली दहा-बारा जणांचे अंगठे.

मग महिन्याचं बिल आलं. त्यात एक ओळ होती. अल्ट्रासाउंड, डावा पुढचा पाय. तारीख? आधीच्या महिन्यातली. म्हणजे डॉक्टरला माहीत, ट्रेनरला माहीत, बिल टाइप करणाऱ्या पोराला माहीत. माहीत नाही ते फक्त ज्याने पैसे भरायचे त्याला. भेटीची वेळ मागितली तर 'सध्या बाहेरच्या माणसांनी घोडा बिथरतो' म्हणाले. बाहेरची माणसं! घोड्याच्या कागदावर नाव कुणाचं आहे? मी वेळ न घेताच गेलो. घोड्याची निगा राखणाऱ्या सईसाने गोंधळ घातला नाही, वाद घातला नाही. घोड्याने सवयीप्रमाणे माझ्या बाहीचं बटण ओठांनी चाचपलं. सईस खाली बसला, पट्टी सोडली, माझा हात धरून आधी उजव्या नळीमागे लावला, मग डाव्या. उजवीकडे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट धागा, दोरीसारखा सरळ, गार. डावीकडे मध्येच फुगवटा, आणि कढत. 'साहेब, हा पाय कधीचा गरम आहे,' एवढंच म्हणाला. त्याला महिन्याकाठी जे मिळतं ते आमच्या केकच्या खर्चाशी ताडून पाहायची मला लाज वाटली.

साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर. अंगाचा निम्म्याहून जास्त भार पुढच्या पायांवर. भरधाव दौडीत एका क्षणी तो सगळा एकाच पायावर येतो, आणि नळीमागचा टेंडन तो स्प्रिंगसारखा झेलतो. त्याचे तंतू तुटले की भरून येतात ते वेगळ्या, ताठर धाग्यांनी. पहिल्यासारखा तो होत नाही. विश्रांती द्यायची तर महिनोन् महिने, बऱ्याचदा वर्षभर. हे शर्यतीच्या धंद्यातल्या पोरासोरालाही ठाऊक असतं. तरी मॅनेजरला फोन केला तेव्हा तो गोड आवाजात म्हणाला, 'तुम्हाला उगाच काळजी नको म्हणून सांगितलं नाही.' काळजी नको, पण पैसे हवेत. वा रे वा! काळजी करायचा हक्क शेअरमध्ये येत नाही का? तो कुठल्या कलमात काढून घेतला? आणि ग्रुपवर हे लिहिलं तर चाळीस जणांपैकी एकाने काय विचारावं? 'मग पुढच्या महिन्यातली शर्यत गेली का?' दुसऱ्याने लिहिलं, 'ग्रुपवर सकारात्मक राहू या.'

विमा कशाचा आहे ते विचारू नका. बहुतेक वेळा तो घोडा मेल्यावरचा असतो, लंगडल्यावरचा नाही.

आणि शेवटी एक दिवस मेसेज येईल. आम्हाला आला तो असा: 'आपला लाडका आता ट्रॅकवरून निवृत्त होत आहे. त्याला खूप चांगलं घर मिळालं आहे. सर्वांचे आभार.' त्याच्याखाली पीडीएफ. विक्रीतून आलेली रक्कम, वजा वाहतूक, वजा नाल, वजा निवृत्ती प्रक्रिया शुल्क, बाकी येणे. हो, येणे. आमच्याकडून त्यांना. खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग. मी विचारलं, कोणाच्या घरी? उत्तर नाही. पुन्हा विचारलं, गावाचं तरी नाव सांगा. तर म्हणे, 'नव्या मालकाच्या खासगीपणाचा आदर करू या.' मग ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतात' असा झाला.

इथे तुम्हाला काहीतरी विनोदी सल्ला द्यायचा होता. सुचत नाही.

घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. पळतो त्यातली चार, फार तर सहा. उरलेली वीस वर्षं कुणीतरी त्याला खायला घालायचं असतं, आणि ते कोण, हे माहितीपत्रकात एका ओळीतही नसतं. फर्डिनंड हा १९८६ च्या केंटकी डर्बीचा विजेता, पुढच्या वर्षी अमेरिकेचा 'हॉर्स ऑफ द इयर'. पैदाशीसाठी तो जपानला विकला गेला, तिथे उपयोग संपला, आणि २००२ मध्ये कत्तलीला गेला. जगाला कळलं ते नंतर, चौकशी केल्यावर. एक्सेलरने १९७८ साली एकाच शर्यतीत दोन ट्रिपल क्राउन विजेत्यांना मागे टाकलं होतं. त्याचा शेवट १९९७ मध्ये स्वीडनच्या कत्तलखान्यात झाला. ज्यांची नावं पुस्तकांत आहेत त्यांची ही कथा. मग गरम पायाचा, खच्ची केलेला, एकही शर्यत न जिंकलेला घोडा 'खूप चांगल्या घरी' गेला, हे कुणाच्या शब्दावर मानायचं? पायाला 'रूटीन' म्हणणाऱ्याच्या?

आणि करता येत नाही असंही नाही. तोच फनी साइड २००८ मध्ये केंटकी हॉर्स पार्कमध्ये गेला आणि २०२३ मध्ये मरेपर्यंत लोक त्याला भेटायला जात होते. तोही खच्ची केलेलाच होता, पैदाशीचा एक पैसाही त्याच्याकडून मिळणार नव्हता. पण त्याचा पत्ता सगळ्यांना ठाऊक होता. घोड्यांच्या मानेत चिप असते, नोंदणीपुस्तकं असतात, वंशावळी दहा-दहा पिढ्या मागे जातात. आजोबा कोण हे अर्ध्या मिनिटात सांगता येतं, आणि घोडा आज कुठे उभा आहे हे सांगता येत नाही? येतं. सांगायचं नसतं.

मॅनेजरसाहेब, तुमचं 'बाकी येणे' मी देणार नाही. आधी चिप नंबरसमोर नव्या मालकाचं नाव आणि तबेल्याचा पत्ता लिहून पाठवा. मी जाऊन बघेन, मग पैसे. खासगीपणा माणसांचा असतो, लंगडत्या जनावराचा नसतो.

आणि त्या मेसेजखाली हात जोडून लगेच 'नवीन शिंगरात मला पाच टक्के धरा' असं लिहिणाऱ्यांनो, तुम्हाला तर काय म्हणावं! हंगामभर तुम्ही त्याला 'आपला' म्हणत होतात. त्याच्यासोबत फोटो काढून डीपीला लावलेत, पाहुण्यांना दाखवलेत, एक तर अजून काढलेलाही नाही. मग आता तो 'आपला' कुठे आहे हे विचारायला तोंड का उघडत नाही तुमचं? पाच टक्के नंतर धरा. आधी त्याचा पत्ता मागा.