पाणी विकायचं, पण कोणतं?

धरणाच्या पाण्यातला आपला कोटा, म्हणजे ठरवून दिलेला वाटा, विकता आला पाहिजे, असं म्हणणारे मित्र हल्ली नागपुरात बरेच भेटतात. ज्याला नको त्याने विकावा, ज्याला हवा त्याने घ्यावा. शेतकऱ्याला चार पैसे, कारखान्याला पाणी. कायद्याचं म्हणाल तर ते दार महाराष्ट्राने २००५ मध्येच उघडून ठेवलंय. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात पाणीवापर हक्कांच्या हंगामी किंवा वार्षिक खरेदी-विक्रीचे निकष ठरवायचं काम प्राधिकरणाकडे दिलेलं आहे.

माझा विक्रीला विरोध नाही. विकलं जातंय ते पाणी आहे की नुसता कागद, एवढंच मला विचारायचंय.

आपल्या नागपूरजवळचा पेंच प्रकल्पच घ्या. वर तोतलाडोह धरण, खाली नवेगाव खैरी धरण. तिथूनच नहरी, तिथूनच शहराचे नळ. त्यात वरच्या अंगाला मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे चौराई धरण झालं आणि आपल्याकडे येणारं पाणी घटलं. आता समजा, टेलवरच्या, म्हणजे नहरीच्या शेवटच्या टोकाच्या एका शेतकऱ्याकडे पाण्याची पाळी पोचतच नाही, पण कागदावर हक्क शाबूत आहे. तो त्याने धरणाजवळच्या कारखान्याला विकला. काल जे पाणी त्याच्या नावावर कोणी उचलत नव्हतं, ते उद्यापासून पंपाने उचललं जाणार. कुठून? मधल्याच कोणाच्या तरी वाट्यातून. विकणारा खुश, घेणारा खुश, आणि धान वाळणार तिसऱ्याचं.

ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग खोऱ्यात हे होऊन गेलंय. तिथे एकूण उपशावर १९९५ पासून मर्यादा होती. तरी व्यापार वाढला तसे वर्षानुवर्षं झोपलेले, म्हणजे न वापरलेले परवाने जागे झाले आणि आधीपासून पाणी वापरणाऱ्यांच्या वाट्याला कमी येऊ लागलं. आपल्याकडे तर मोजमापाचीच बोंब. अजून बऱ्याच ठिकाणी पाणीपट्टी पीक आणि क्षेत्र बघून लावतात. किती घनमीटर घेतलं हेच माहीत नाही, तर किती विकलं हे कोण सांगणार?

अजून एक भानगड आहे, आणि मला ती जास्त खुपते. नहरीचं सगळं पाणी काही पीक पीत नाही. बरंचसं जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरींना पाझर लागतो. मौदा-रामटेककडच्या कुठल्याही विहीरवाल्याला विचारा, नहर सुटली की पाणी कसं चढतं ते. हक्क कारखान्याकडे गेला की तो पाझरही गेला. आणि हा विहीरवाला सौद्यात कुठेच नाही, त्याची सही कोणी मागत नाही! म्हणून पिकाने खरोखर प्यायलेलं तेवढंच पाणी विकता यावं, मुरणारं नाही.

करूनच बघायचं असेल तर पहिला सौदा एकाच मायनरवरच्या, म्हणजे एकाच छोट्या नहरीवरच्या, शेतकऱ्यांच्या दोन पाणीवापर संस्थांमध्ये होऊ द्या. एका रब्बीपुरता, मीटर लावून, गावासमोर. कारखान्यांचं नंतर बघू. कोराडीचं वीज केंद्र नागपूरच्या भांडेवाडीतलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरतंच की. बाकीच्यांनी आधी तिकडे रांग लावावी.