रायडर्सचे नवे करार: नाव मोठे, पण जागा कोणती?

फेब्रुवारीचा दुसरा मंगळवार जवळ आला की सास्कॅचवान रफरायडर्स, म्हणजे रायडर्स, या आमच्या फुटबॉल संघाच्या रिजायना शहरात थंडी आणि अफवा यांना एकाच वेळी जोर चढतो. कॅनेडियन फुटबॉल लीगमध्ये (हा खेळ सॉकर नव्हे, अमेरिकन फुटबॉलचा भाऊबंद) ज्या खेळाडूंचे करार संपलेले असतात, ते त्या दिवशी टोरंटोच्या घड्याळात दुपारचे बारा, म्हणजे आमच्या सास्कॅचवानच्या घड्याळात सकाळचे अकरा वाजताच मोकळे होतात आणि हव्या त्या संघाशी करार करू शकतात. त्याआधी काही दिवस इतर संघांना त्यांच्याशी बोलणी करण्याची रीतसर मुभा असते, त्यामुळे कोण कुठे चालला याची कुजबुज मंगळवार उजाडण्यापूर्वीच गावभर झालेली असते. अकरा वाजले की कचेरीतला निम्मा स्टाफ फोनमध्ये डोके घालून बसतो आणि साहेबही काही बोलत नाहीत, कारण तेही तेच करत असतात.

यंदा चर्चेला अधिक धार आहे, कारण आपण विजेते आहोत. नोव्हेंबर २०२५ मध्ये विनिपेगला झालेल्या ग्रे कपमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, सास्कॅचवान रफरायडर्सनी माँट्रियल अलुएट्सना २५-१७ असे हरवले. १९६६, १९८९, २००७ आणि २०१३ नंतरचे हे आपले पाचवेच विजेतेपद. जिंकलेल्या संघातील खेळाडूंचे भाव वधारतात आणि इतर आठ संघ त्यांच्यावर डोळा ठेवून असतात, म्हणून कोणाला आणावे याइतकाच कोणाला राखावे हा प्रश्न मोठा होतो. चाहत्यांची चर्चा मात्र पहिल्या प्रश्नाभोवतीच फिरत राहते. मला वाटते, आपण नवे करार जोखतो ती पद्धतच चुकीची आहे. आपण नाव पाहतो, गेल्या हंगामाचे आकडे पाहतो आणि संध्याकाळपर्यंत निकाल देऊन मोकळे होतो. पाहायला हवी ती जागा: हा खेळाडू कोणत्या जागी खेळणार, तो कॅनेडियन म्हणून गणला जातो की अमेरिकन म्हणून, आणि त्याच्यासाठी आपण कोणावर पाणी सोडले?

हे का महत्त्वाचे आहे, ते या लीगबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगतो. आयपीएलमध्ये अकरा जणांत चारच परदेशी खेळाडू चालतात, आणि त्यामुळे चांगल्या भारतीय यष्टिरक्षकाचा किंवा वेगवान गोलंदाजाचा लिलावातील भाव कसा चढतो, हे आपल्याला ठाऊक आहे. इथेही तसाच नियम आहे, फक्त उलट बाजूने लिहिलेला. आक्रमणाचे बारा आणि बचावाचे बारा अशा चोवीस सुरुवातीच्या खेळाडूंत किमान सात कॅनेडियन असावे लागतात. अलीकडच्या करारानुसार आठवी एक जागाही राखीव आहे, पण तिथे या लीगमध्ये पुरेशी वर्षे काढलेला अमेरिकन चालतो. अमेरिकन विद्यापीठांतून दरवर्षी हजारो खेळाडू बाहेर पडतात. त्यांतील जे एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या बड्या लीगमध्ये, मावत नाहीत, त्यांतून चांगला अमेरिकन रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, शोधणे हे कष्टाचे काम असले तरी अशक्य नसते. सुरुवातीच्या संघात विश्वासाने उभा करता येईल असा कॅनेडियन मात्र नऊ संघांना पुरेल इतका कधीच उपलब्ध नसतो.

म्हणून बहुतेक संघ आपल्या सातांपैकी दोन-तीन जागा ऑफेन्सिव्ह लाइनच्या, म्हणजे पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या फळीच्या, मधल्या भागात, म्हणजे सेंटर आणि दोन गार्ड यांच्यात भरतात. आता समजा, यातला एक गार्ड फेब्रुवारीत दुसऱ्या संघाकडे गेला. त्याच्या जागी अमेरिकन आणला, तर सातांचा हिशेब मोडतो. तो जुळवायला रिसीव्हरच्या किंवा बचावातील सेफ्टी, लाइनबॅकर यांच्या जागी एखादा कॅनेडियन बसवावा लागतो. तिथे आधीपासून असलेला चांगला अमेरिकन मग बाकावर जातो, किंवा पगार परवडत नाही म्हणून सोडावा लागतो. एका गार्डच्या जाण्याने चार जागा हलतात, आणि बातमीत मात्र त्या गार्डच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते. आपला सेंटर लोगन फर्लंड याच प्रांतातील मेलफर्टचा आहे आणि रिजायनाच्या ज्युनियर संघातून वर आलेला आहे. अशा खेळाडूचा करार वाढवला गेला, तर मी तो त्या हिवाळ्यातील पहिल्या तीन करारांत धरीन, मग त्याच दिवशी दुसरीकडून कितीही गाजलेला रिसीव्हर आलेला असो.

पैशाचेही तसेच आहे. २०२५ मध्ये या लीगच्या एका संघाची पगारमर्यादा साधारण ६० लाख डॉलर होती, तर त्याच वर्षी एनएफएलच्या संघाची होती सुमारे २७ कोटी ९२ लाख डॉलर. पहिल्या फळीचा क्वार्टरबॅक इथे पाच-सहा लाख डॉलर नेतो, म्हणजे एकटाच तिजोरीचा दहावा हिस्सा. उरलेल्या रकमेत अख्खा संघ उभा करायचा असतो. अशा ठिकाणी एखाद्याला ४०-५० हजार डॉलर जास्त देणे म्हणजे दुसरा एखादा अनुभवी राखीव खेळाडू गमावणे. त्यामुळे नुसते ‘चांगला खेळाडू आला’ असे म्हणण्यात काही हशील नाही. तो किती पैशांत आला आणि ते पैसे कोणाच्या वाट्याचे होते, हे कळल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ येत नाही.

२०१९ चा फेब्रुवारी आठवून पाहा. कॅल्गरीचा डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी खेळणारा, मायका जॉन्सन त्या वेळी बाजारातील सर्वांत मोठ्या नावांपैकी एक होता. आदल्या हंगामात त्याने १४ सॅक केले होते, म्हणजे पास सुटण्याआधीच क्वार्टरबॅकला १४ वेळा पाडले होते. तो आपल्याकडे आला आणि गावात दिवाळी झाली. त्याच सुमारास आपला विली जेफरसन विनिपेगला गेला. थोडी हळहळ झाली, पण जॉन्सन आल्याच्या आनंदात ती विरून गेली. त्या वर्षी जेफरसन लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. आपल्या जॉन्सनला आदल्या वर्षीचा आकडा गाठता आला नाही. भरीस भर म्हणजे त्या हंगामाची सुरुवात ज्याच्या हाती सोपवली होती, तो क्वार्टरबॅक झॅक कोलारोस पहिल्याच सामन्यात जखमी झाला. जुलैअखेर त्याला आपण टोरंटोकडे दिले, आणि ऑक्टोबरमध्ये टोरंटोने विनिपेगकडे. नोव्हेंबरमध्ये आपल्याच मोझेक स्टेडियमवर पश्चिम विभागाची अंतिम लढत झाली, तेव्हा समोर कोलारोस आणि जेफरसन दोघेही विनिपेगच्या जर्सीत होते. आपण २०-१३ असे हरलो. कोडी फाहार्डोचा शेवटचा पास गोलपोस्टच्या आडव्या दांड्यावर आदळला, आणि तो आवाज या प्रांतातील बऱ्याच लोकांच्या कानांत अजून आहे. विनिपेगने १९९० नंतरचा आपला पहिला ग्रे कप त्या वर्षी जिंकला.

यावरून जॉन्सनचा करार फसला, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि बरेच दिवस तसा तो काढलाही जात होता. पण हाच जॉन्सन पुढे वर्षानुवर्षे इथे टिकला आणि २०२५ च्या विजेत्या संघातही होता. बाकीच्या डिफेन्सिव्ह लाइनने कडेच्या जागांवरून दबाव आणायचा आणि त्याने मधला भाग अडवून धरायचा, ही कामगिरी सॅकच्या रकान्यात फारशी उमटत नाही. चाहते म्हणून आपण रकाना वाचतो.

क्वार्टरबॅकच्या बाबतीत तर आपला उतावळेपणा कळसाला पोहोचतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये फाहार्डो माँट्रियलला गेला आणि माँट्रियलचा ट्रेव्हर हॅरिस आपल्याकडे आला. कागदावर तो सौदा नव्हता, पण व्यवहारात अदलाबदलच झाली. त्या वेळी छत्तिशीत असलेल्या माणसावर संघ उभा करणे म्हणजे मूर्खपणा, असे म्हणणारे अनेक होते. जुलैमध्ये हॅरिसचा पाय मोडला, हंगाम ६ विजय आणि १२ पराभवांवर संपला, प्रशिक्षक क्रेग डिकनसन यांना निरोप मिळाला. तिकडे फाहार्डोने नोव्हेंबरमध्ये माँट्रियलला विनिपेगविरुद्ध २८-२४ असा ग्रे कप जिंकून दिला आणि अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. त्या रात्री जर कोणी विचारले असते, तर या अदलाबदलीत आपण साफ लुटले गेलो असे मीही शपथेवर सांगितले असते. दोन वर्षांनी त्याच माँट्रियलला हरवून ग्रे कपचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो ३९ वर्षांचा हॅरिस. फाहार्डो तोपर्यंत एडमंटनला पोहोचला होता. मग २०२३ चा तो करार चांगला होता की वाईट? मला विचाराल तर निवड बरोबरच होती. पाय मोडणे हा निवडीचा दोष नव्हे. दोष होता तो त्या वर्षी त्याच्यामागे भरवशाचा दुसरा क्वार्टरबॅक नसण्यात, आणि त्याकडे मात्र फेब्रुवारीत फारच थोड्यांनी बोट दाखवले होते.

२०२४ चे करार मला या दृष्टीने अधिक शिकण्यासारखे वाटतात. कोरी मेस प्रशिक्षक म्हणून टोरंटोहून आले आणि त्यांच्यामागोमाग टोरंटोचाच रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन धावणारा, ए. जे. ओलेट आला. विनिपेगहून ऑफेन्सिव्ह लाइनच्या कडेला खेळणारा टॅकल जर्मार्कस हार्ड्रिक आला. दोघेही अमेरिकन, दोघेही विजेत्या संघांत राहिलेले. हार्ड्रिक हंगामाच्या सुरुवातीलाच जायबंदी होऊन पूर्ण वर्ष बाहेर बसला आणि ओलेटलाही दुखापतींनी ग्रासले. वर्षअखेरीस या दोन्ही करारांना नावे ठेवणाऱ्यांची कमतरता नव्हती. २०२५ मध्ये हार्ड्रिक परतला, ओलेटने हजारांहून अधिक यार्ड धावून काढले, आणि थंडीत बॉल जमिनीवरून पुढे नेता येतो याचा भरवसा संघाला आला. इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वारा असा सुटतो की लांब पासवर जगणारा संघ एखाद्या रविवारी अचानक भिकेला लागतो. जनरल मॅनेजर जेरेमी ओडे यांनी हे दोन करार केले ते हंगाम सुरू होतो त्या जून महिन्यासाठी नव्हेतच.

आणि आता टॉमी नील्ड. २०२५ च्या पश्चिम विभागाच्या अंतिम लढतीत ब्रिटिश कोलंबिया लायन्सविरुद्ध अखेरच्या काही सेकंदांत हॅरिसचा पास टचडाउनसाठी झेलून ज्याने आपल्याला २४-२१ असा विजय मिळवून दिला, तो हा कॅनेडियन रिसीव्हर. आधी टोरंटोकडे असलेला हा मुलगा आपल्याकडे आला, तेव्हा गावात कोणी ढोल वाजवल्याचे मला आठवत नाही. २०२३ मध्ये फाहार्डोचा निर्णायक पास झेलणारा टायसन फिलपॉट हाही कॅनेडियनच. दोन उदाहरणांवरून सिद्धान्त मांडू नये हे मान्य, पण संघाच्या यादीत खालच्या बाजूला असणाऱ्या कॅनेडियन नावांकडे फेब्रुवारीत जरा अधिक लक्ष द्यायला हरकत नसावी.

बाकी कॅनेडियन किती आणि अमेरिकन किती या मोजणीच्या बाबतीत आपण रायडर्सच्या चाहत्यांनी तरी हलगर्जीपणा करू नये. २००९ च्या ग्रे कपमध्ये माँट्रियलची शेवटची किक हुकली होती आणि आपण जिंकलेलो होतो. पण मैदानावर आपले बाराऐवजी तेरा जण उभे होते, म्हणून त्यांना पुन्हा किक मिळाली आणि आपण २८-२७ असे हरलो.

हा संघ कोणा एका धनिकाचा नसून लोकांच्या मालकीचा आहे, त्यामुळे प्रत्येक करारावर मत देण्याचा अधिकार आपल्याला जन्मसिद्ध वाटतो. त्यात गैर काही नाही. टरबूज कोरून त्याचे शिरस्त्राण घालणाऱ्या लोकांकडून संयमाची अपेक्षा कोणी करीतही नाही. मात्र यंदाच्या करारांत आणखी एक गोष्ट पाहावी लागेल. २०२७ पासून मैदानाची लांबी ११० ऐवजी १०० यार्ड होणार आहे, एंड झोनची, म्हणजे गोलरेषेमागच्या टचडाउनच्या पट्ट्याची, खोली २० वरून १५ यार्डांवर येणार आहे आणि गोलपोस्ट गोलरेषेवरून उचलून एंड झोनच्या मागच्या कडेला जाणार आहेत. गोलपोस्ट मागे गेले की किक मारून करायच्या फील्ड गोलचे अंतर वाढते आणि मधल्या भागात टचडाउनचे पास टाकायला मोकळी जागा मिळते. आज दोन-तीन वर्षांचा करार होणारा किकर किंवा आतल्या बाजूने धावणारा रिसीव्हर पुढच्या वर्षी वेगळ्याच मैदानावर खेळणार आहे. बहुतेक करार एक-दोन वर्षांचेच असतात म्हणून हे फारसे टोचत नाही, तरी लांबच्या कराराची बातमी आली की मी प्रथम हेच तपासणार आहे.

जून २०२६ ही हॅरिसच्या चाळिशीची वेळ. तेव्हा त्याच्यामागे उभा राहणारा माणूस कोण आणि त्याच्यासाठी किती पैसे बाजूला ठेवले, हा माझा पहिला प्रश्न. कॅनेडियन ऑफेन्सिव्ह लाइनमनपैकी किती जण राहिले, हा दुसरा. या दोन्हींची उत्तरे चांगली असतील, तर दुसऱ्या संघातला एखादा हजार यार्डांचा रिसीव्हर आपल्याला नाकारून एडमंटनला गेला, तरी मला त्याचे सुतक नाही. इथल्या मराठी मित्रमंडळींत मी हे बोललो, तेव्हा मला हौस नसलेला माणूस ठरवण्यात आले. सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डेच्या सामन्यासाठी विनिपेग इथे येईल आणि त्यांची डिफेन्सिव्ह लाइन हॅरिसच्या अंगावर धावेल, तेव्हा आपला डावा गार्ड कोण आहे हे त्याच मंडळींनी मला विचारावे, तोवर मी ही बोलणी खायला तयार आहे.