राळ, ऊद, गुग्गुळ आणि सात दिवसांत पळणारी खाज

गेल्या महिन्यात तोच निरोप मला चार ग्रुपवरून आला. राळ, ऊद आणि गुग्गुळ सारख्या भागाने घ्या, खोबरेलात कढवा आणि लावा. एक्झिमा, नायटा, खरूज, गुडघ्याची सूज, सगळं सात दिवसांत मुळासकट जाईल. झाडाचं आहे, त्यामुळे अपाय नाही. स्टेरॉइडची मलमं फेकून द्या. डॉक्टर हे सांगणार नाहीत. खाली हात जोडलेले.

राळेला मी नावं ठेवणार नाही. आमच्या आजीच्या टाचांना दर थंडीत राळेचंच मलम लागायचं. तीळतेल तापवून त्यात राळेची वस्त्रगाळ पूड विरघळवायची, ते पाण्याच्या परातीत ओतायचं आणि पाणी बदलत तळव्यानं फेसत राहायचं. तपकिरी चिकट गोळा हळूहळू लोण्यासारखा पांढरा होतो. भेगेत ते घट्ट बसतं, आतला ओलावा उडू देत नाही, माती शिरू देत नाही. पण टाच म्हणजे जाड, निबर कातडी. खाजवून सोललेली कोपराची खळगी किंवा पोराची मान म्हणजे टाच नव्हे.

आता निरोपाकडे. तिन्ही वस्तू एकाच माळेचे मणी असल्यासारख्या एकत्र कढवायला सांगितल्या आहेत. राळ साल नावाच्या झाडाची. ऊद आग्नेय आशियातल्या झाडांचा. गुग्गुळ राजस्थान, कच्छकडच्या काटेरी झुडपाचा, आणि त्यात राळेबरोबर डिंकही असतो. एका पेल्यात राळेची पूड टाका, दुसऱ्यात गुग्गुळ, दोन्हींत कोमट पाणी. गुग्गुळाचं पाणी गढूळ होतं, राळ वाळूसारखी तशीच राहते. तेलात उलटं: राळ विरघळते, गुग्गुळातला डिंक तळाला लागतो. शिवाय दुकानात राळ मागितली की पाइनच्या झाडाचं रोझिनही पुडीत बांधून मिळतं. या रोझिनकडे पुन्हा येतोच.

सुजेबद्दलच्या दाव्यात तथ्य आहे, पण ते ज्या झाडाचं, त्याचं नावच निरोपात नाही. ते झाड म्हणजे सालई, आपल्या विदर्भ-खानदेशातल्या कोरड्या रानांतली. तिच्या डिंकातली बॉस्वेलिक आम्लं शरीरात सूज वाढवणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) आवर घालतात. नागपुरात गुडघ्याच्या संधिवाताच्या ३० रुग्णांवर याची चाचणी झाली, ती २००३ साली प्रसिद्ध झाली. आठ आठवडे अर्क, आठ आठवडे औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी. अर्क घेताना दुखणं आणि सूज कमी झाली, चालणं वाढलं. एक्स-रेत मात्र फरक नव्हता. ३० माणसं म्हणजे फार नव्हेत, तरी चाचणी नीट केलेली होती. पण तो मोजूनमापून तयार केलेला, पोटात घ्यायचा अर्क होता. खोबरेलात कढवलेला ऊद गुडघ्यावर चोळून तेच होईल, असं त्यातून निघत नाही.

खाजेबाबत तर निरोप सरळ चुकतो. नायटा ही बुरशी. खरूज म्हणजे कातडीत बिळं करणारा किडा. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावलं नाही तर तो या अंगावरून त्या अंगावर फिरत राहतो. एक्झिमात कातडीचा बांधच फुटलेला असतो. तिघांना एकच तेल? नायट्यावर चिकट लेप देऊन आठवडा घालवलात, तर बुरशी तेवढी पसरते. स्टेरॉइडबद्दलचं वाक्य मात्र मला अर्धं पटलं. दुकानातून परस्पर आणलेल्या, स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी नायटा चिवट करून ठेवलाय, हे खरंच आहे. पण डॉक्टरांनी एक्झिमासाठी दिलेलं मलम फेकायचं नसतं.

आणि ‘झाडाचं आहे, अपाय नाही’. बिब्बा कुठे उगवतो मग? ज्याच्या अंगावर बिब्बा उतलाय, त्याला विचारा. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर खाजरे चट्टे उठायचे, ते धोब्यानं कपड्यांवर बिब्ब्यानं केलेल्या खुणांखाली. कैरीच्या देठाचा चीक लागून ओठाकडेला होणारं चुरचुरणारं चकंदळ त्याच कुळातलं. रोझिन तर त्वचारोगतज्ज्ञांच्या पॅच टेस्टच्या, म्हणजे कातडीवर पट्ट्या चिकटवून ॲलर्जी शोधायच्या तपासणीच्या, नेहमीच्या यादीतच असतं, इतक्यांना त्याची ॲलर्जी निघते. गुग्गुळाची अमेरिकेत कोलेस्टेरॉलसाठी चाचणी झाली, तीही २००३ मध्येच प्रसिद्ध झाली. कोलेस्टेरॉल उतरलं नाहीच, उलट गुग्गुळ घेणाऱ्या सहा जणांच्या अंगावर पुरळ उठलं. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत एकालाही नाही. खाजेवरचं औषध म्हणे!

डॉक्टर लपवतात म्हणावं, तर उदाचाच अर्क टिंक्चर बेंझॉइन म्हणून दवाखान्यात वर्षानुवर्षं बाटलीत बसलाय. चिकटपट्टी नीट बसावी म्हणून तो लावतात, वाफाऱ्यात घालतात. त्याचीही काहींना ॲलर्जी येते.

आधीच लावून बसला असाल तर साबण-पाण्यानं खसाखसा घासू नका. राळ पाण्याला दाद देत नाही, कातडीच तेवढी सोलवटेल. साधं तेल हलक्या हातानं लावून पाच मिनिटं थांबा, मऊ कापडानं टिपून घ्या, पुन्हा तेल, पुन्हा टिपणं. फोड आले, पाणी सुटलं किंवा डोळ्यांभोवती सूज आली, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, आणि जाताना ती पुडी सोबत न्या. राळ की रोझिन, हे त्यांना बघू दे.