वर्ड प्रोसेसरचे फायदे (सुवाच्य अक्षरात लिहा)

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कदंब बसच्या एका थांब्यासमोर माझे झेरॉक्सचे दुकान आहे. एक झेरॉक्स मशीन, दोन कॉम्प्युटर, लॅमिनेशनचे यंत्र आणि वीज गेली की टीं-टीं करणारा यूपीएस, एवढ्यावर माझे घर चालते. खरे सांगायचे तर ते हायस्कुलात कॉम्प्युटर ज्या पद्धतीने शिकवला जातो त्यावर चालते. तेव्हा तुम्ही नव्याने संगणक शिकवायला लागला असाल, किंवा अशा शिक्षकाचे मुख्याध्यापक असाल, तर धंद्याच्या कृतज्ञतेपोटी चार सल्ले देतो. पाळा. माझ्या दोन मुलांची शिक्षणे व्हायची आहेत.

पहिले म्हणजे लॅबला कुलूप. चावी हेडसरांच्या कपाटात, कपाटाची चावी क्लार्ककडे आणि क्लार्क बँकेत. मशीनवर प्लास्टिकची आवरणे असू द्या आणि चवथीला गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या माटोळीसारखी ही लॅब वर्षातून एकदाच, इन्स्पेक्शनला, सजवा. आत जाताना मुलांना चपला काढायला लावा. व्हायरस तळव्यातून शिरतो ही आपली जुनी श्रद्धा आहे, ती जपा. मशीनवर अजून विंडोज 10 असेल तर राहू दे. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 पासून तिचे नेहमीचे अपडेट बंद केले, पण जे मशीन चालूच होत नाही त्याला धोका कसला?

एका माउसवर चार मुले बसवा. एक चालवतो, तिघे नदीच्या काठावर बसून पोहायला शिकतात.

शिकवण्याची सुरुवात अबॅकसपासून करा. पुढे पास्कल, मग बॅबेज. 1946 साली जगापुढे आलेल्या एनिॲक या खोलीभर कॉम्प्युटरमध्ये सुमारे 18,000 व्हॅक्यूम ट्यूब होत्या हे पोरांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले पाहिजे. फ्लॉपीत 1.44 एमबी मावत होते हेही. सोनीने फ्लॉपी विकणे 2011 मध्ये थांबवले, म्हणजे तुमच्या वर्गातली मुले जन्मली त्याच सुमारास, पण मार्कांसाठी ती अजून जिवंत आहे. मात्र आईच्या फोनवरचा फोटो 50 केबीच्या आत कसा आणायचा, हे त्यांना कळू देऊ नका. ते काम माझे. वीस रुपये.

परीक्षेत 'फाइल सेव्ह करण्याच्या पायऱ्या लिहा' हा प्रश्न हवाच. फाइल मेनूवर क्लिक करा, सेव्हवर क्लिक करा, नाव द्या, ओके करा. कोणी नुसते 'कंट्रोल-एस' लिहिले तर अर्धा मार्क कापा. आगाऊपणा वेळीच ठेचलेला बरा.

फोल्डर शिकवू नका. पेनड्राइव्हवरच्या 'न्यू फोल्डर (7)' मधून बायोडाटा शोधून देण्याचे मी पाच रुपये जास्त घेतो.

पासवर्ड सगळ्या वर्गाला एकच द्या आणि फळ्यावर खडूने लिहा. अकरावीच्या प्रवेशाच्या दिवसांत मुले माझ्याकडे येतात, मी ईमेल विचारतो, ती म्हणतात, "काका, तुवेंच केल्लो न्हय?" माझ्या वहीत निम्म्या गावाचे पासवर्ड आहेत. मी सज्जन माणूस आहे म्हणून गाव झोपते. डिस्टिंक्शनवाली पोरे ओटीपी असा खणखणीत वाचून दाखवतात की पलीकडची भाजीवालीही तो लिहून घेईल. पैसे येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, आणि फसवणुकीत पैसे गेलेच तर लागलीच 1930 हा सायबर हेल्पलाइनचा नंबर फिरवायचा, ही दोन वाक्ये वर्षभरात एकदाही उच्चारू नका. दोन वाक्यांनी पोर्शन मागे पडतो.

मराठी टायपिंगच्या तर वाऱ्यालाही मुलांना उभे करू नका. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कळफलकात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, 'क' तर चक्क 'के'च्याच कळीवर. रोज थोडे बसले तर बोटांना वळण लागते, हे फुटले तर माझे अर्ज कोण टाइप करून घेणार? शाळेच्या नोटिसा तुम्ही आपल्या त्याच जुन्या फॉन्टात करा. दुसऱ्या मशीनवर उघडल्या की सगळा गोपाळकाला, कारण आत इंग्रजीच अक्षरे असतात, वरून फक्त देवनागरीचे सोंग. युनिकोडात, म्हणजे सगळ्या मशीनना समजणाऱ्या अक्षरांच्या यादीत, 'क'ला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून तो कुठेही नेला तरी 'क'च राहतो. मागच्या पीटीए सभेची नोटीस एक पालक माझ्याकडे घेऊन आला होता. त्याला वाटले, ती पोर्तुगीजमध्ये आहे.

आता प्रोजेक्ट.

प्रोजेक्टबद्दल सल्ला देणार होतो. पण आधी गेल्या गुरुवारचे सांगतो.

नववीतली एक मुलगी. वडिलांचा ट्रक खाणी बंद पडल्यापासून अंगणात उभा होता, शेवटी विकला. घरी कॉम्प्युटर नाही. प्रोजेक्टचा विषय 'वर्ड प्रोसेसरचे फायदे'. शाळा सुटल्यावर सव्वासहाच्या बसपर्यंत तिला जो वेळ मिळतो तेवढ्यात, सलग चार संध्याकाळी, ती माझ्या दुसऱ्या मशीनवर बसली. पहिल्या दिवशी मी पैसे घेतले, नंतर घेववेनात. कळफलकाचे चित्र पुढ्यात ठेवून एका बोटाने सुरुवात केली. चौथ्या दिवशी दोन्ही हात चालत होते. तीन पाने. हाताने लिहिणे आणि वर्ड प्रोसेसर यांची तुलना करणारा तक्ता. पानांना क्रमांक. मथळ्यांना हेडिंगची स्टाइल लावली की अनुक्रमणिका आपोआप तयार होते, हे तिने स्वतः शोधून काढले. पंधरा वर्षे दुकान चालवून मला ते येत नव्हते. आता येते, आणि त्याचे मी गिऱ्हाइकांकडून दहा रुपये घेतो.

गुरुवारी ती परत आली. तोंड एवढेसे.

"काका, सरांनी सांगलां हातान बरोवंक. आनी कीबोर्डाचें कलर प्रिंट जाय."

टाइप केलेले चालणार नाही. एका बाजूने आखलेले कागद, स्वतःचे अक्षर, मथळे लाल पेनाने, खाली पट्टीने दोन रेघा, आणि कीबोर्डचे रंगीत चित्र कापून डकवायचे. शुक्रवारी सबमिशन.

बस उशिरा होती. ती माझ्या काउंटरच्या कडेला बसून स्वतःचीच तीन पाने स्क्रीनवर बघून कागदावर उतरवू लागली. पहिला फायदा, दुसरा, तिसरा. चौथा होता, 'चूक झाल्यास खाडाखोड करावी लागत नाही.' त्या ओळीत 'खाडाखोड'चा काना चुकला. तिने वर बघून व्हाइटनर मागितला.

मी दिला. शाईवर फुंकर घालत बसली. एक सांगतो, मला हसू आले नाही.

सल्ला असा होता की प्रोजेक्ट नेहमी हाताने लिहून घ्यावा, म्हणजे माझे कागद खपतात, कलर प्रिंट खपते, व्हाइटनर खपतो. लिहिणार होतो तसे. आता नाही लिहीत.

मुले इंटरनेटवरून कॉपी-पेस्ट करतात म्हणून, असे ना तुमचे कारण? करतात. माझ्याच दुकानात करतात, निळ्या अधोरेखित लिंकांसकट बावीस पाने छापून नेतात, आणि त्यांना तुम्ही 'उत्तम' शेरा देता, कारण कव्हरवर थर्माकोलचा माउस असतो. आणि हाताने लिहिले की कॉपी थांबते? मोठ्या भावाचे जर्नल धाकट्या बहिणीने उतरवायचे, ही आपल्याकडे घरातल्या समईसारखी चालत आलेली वस्तू आहे. कॉपी पकडायची तर मुलीला दहा मिनिटे मशीनपुढे बसवा. हा मजकूर घे, मथळे लाव, 'संगणक' आहे तिथे सगळीकडे 'कॉम्प्युटर' कर, पीडीएफ काढ, मला मेल कर. दहा मिनिटांत कोणाला काय येते ते उघडे पडते. पण त्यासाठी लॅब उघडावी लागते. आणि माफ करा, तपासणाऱ्याला स्वतःला यावे लागते.

मला ठाऊक आहे, संगणक शिक्षकाला शाळेत शिकवायला कोण ठेवतो! ऑफिसचा प्रिंटर अडकला की त्याला वर्गातून बोलावतात. पगारबिले, ऑनलाइन माहिती, स्नेहसंमेलनाचा साउंड, हेडसरांच्या मुलाचा फोन, सगळे त्याच्या गळ्यात. हे मुख्याध्यापकांनी वाचावे. ज्याला शिकवायला आणले त्याला शिकवू द्या हो. बाकीच्यांना प्रिंटरमधला कागद ओढता येत नाही का?

या राज्यात आयआयटीत शिकलेला मुख्यमंत्री होऊन गेला. अकरावीच्या मुलांच्या घरी कॉम्प्युटर पोचवणारी सायबरएज योजना इथे झाली. आता सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स आले आहे. सातवीत स्क्रॅच या कोडिंगच्या प्रोग्रॅममधली मांजर पडद्यावर नाचवणारी मुलगी नववीत येते, आणि तुम्ही तिच्या हातात लाल पेन आणि पट्टी देता? तिने न सांगता शिकलेली गोष्ट तुम्ही तिला न वाचता परत केलीत. निदान पान उलटून तरी बघायचे होते. अनुक्रमणिका दिसली असती. 'हे कसे केलेस गो?' एवढे विचारायला काय पडले होते?

शुक्रवारी तिने हस्तलिखित दिले. व्हाइटनर दिसतो म्हणून एक मार्क कापला.

ती टाइप केलेली फाइल माझ्या मशीनवर आहे, तिच्या नावाच्या फोल्डरात. सर, सोमवारी सकाळी दुकान नऊला उघडते. पेनड्राइव्ह घेऊन या. नसेल तर प्रिंट काढून देतो. काळी-पांढरी, दोन रुपये पान, तीन पाने. तुमच्याकडून सहा रुपये घेणार.