नायक अडकला? मग वाचकाला डोळा मारा!

मराठीत सुपरहिरोंच्या चित्रकथा लिहू पाहणाऱ्या तरुण मित्रांनो, कथा रचत बसण्याचे दिवस आता संपले आहेत. परवा वणीच्या बसस्थानकावर, यवतमाळची गाडी नेहमीप्रमाणे ‘निघाली आहे’ असे सांगितले जात असताना, मी भाच्यासाठी दीडशे रुपये मोजून असेच एक ताजे पुस्तक घेतले आणि गाडी येण्यापूर्वीच वाचून संपवले. त्यातून मिळालेले ज्ञान माझ्यापाशीच राहू नये, म्हणून हा उपदेश.

चित्रात जे दिसते तेच निवेदनात लिहावे. नायक विहिरीत पडत असेल, तर वरच्या चौकटीत ‘तो विहिरीत पडत होता’ असे छापावे आणि फुग्यात त्याच्याकडून ‘अरे देवा, मी विहिरीत पडतो आहे!’ असे वदवावे. विदर्भातला वाचक विहीर ओळखेलच याची खात्री काय?

‘वॉचमेन’ या इंग्रजी चित्रकथेत रॉर्शाक या पात्राची डायरी एक सांगते आणि शेजारचे चित्र वाचकाला वेगळेच काही सुचवते, त्यामुळे त्याला डोके चालवावे लागते. 1986 सालचा तो उपद्व्याप आपण करू नये.

प्रत्येक पानावर नायकाने स्वतःच्या पोशाखाची थट्टा करावी.

सर्वांत मोलाचा सल्ला मात्र चौथ्या भिंतीचा, म्हणजे पात्र आणि वाचक यांच्यामधली अदृश्य भिंत ओलांडून थेट वाचकाशी बोलण्याचा. विहिरीत पडलेल्या नायकाला बाहेर कसे काढावे हे सुचले नाही, की त्याने वाचकाकडे मान वळवून म्हणावे, ‘काय करणार, लेखक आळशी आहे!’ मी घेतलेल्या पुस्तकात नेमके हेच झाले आणि पुढच्या पानावर स्वारी कोरडी ठणठणीत, विहिरीबाहेर. चित्रकार बिचारा प्रामाणिक होता, त्याने विहिरीत मोटारपंपाचा पाइपसुद्धा काढला होता. तो धरून नायक वर चढला असे दोन चौकटींत दाखवता आले असते, पण लेखकाने आपलीच चित्रे पाहिली असतील तर ना! कोणी हटकलेच, तर डेडपूल या वाचकाशी बोलणाऱ्या अमेरिकन चित्रकथा-नायकाचे नाव घ्यावे. तो 1991 मध्ये आला तेव्हा भाडोत्री मारेकरी होता आणि वाचकाशी गप्पा मारण्याची त्याची सवय पुढे 1997 पासूनच्या मालिकेत रुळली, इतक्या खोलात कोण शिरतो? जॉन बर्न या चित्रकथाकाराची नायिका शी-हल्क 1989 मध्ये पान फाडून, जाहिराती ओलांडून खलनायकाच्या मागे धावते. पण तिलाही खलनायक पकडावाच लागतो. ग्रँट मॉरिसन या चित्रकथालेखकाच्या ‘अ‍ॅनिमल मॅन’मध्ये नायक 1990 साली थेट लेखकासमोर उभा राहतो आणि माझ्या बायकामुलांना का मारलेस असे विचारतो, तो जाब असतो आणि लेखकाला उत्तर द्यावे लागते. तुमचा नायक लेखकाला आळशी म्हणतो आणि लेखक गालातल्या गालात हसतो. आरोपीनेच फिर्याद नोंदवावी आणि आरोपीनेच स्वतःला निर्दोष सोडावे, असा हा न्याय आहे.

समोरच्याशी बोलणे आम्हाला नवे नाही. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या दंडार या लोकनाट्यात विनोदी नट प्रेक्षकांना कोपरखळ्या मारतो, आणि गाडगेबाबा तर कीर्तनात कर्जाविषयी, दारूविषयी प्रश्न विचारून श्रोत्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. तिथे समोरचा माणूस उलट बोलू शकतो, म्हणून बोलणाऱ्याला सावध राहावे लागते. छापील पानापुढे बसलेला वाचक मुका असतो, याचा फायदा तुम्ही घेता.

आता सरळच बोलतो. कथा बसलेली नाही हे तुम्हाला लिहितानाच कळले होते. ती दुरुस्त करायला एखादी रात्र जागावे लागले असते. तेवढे कष्ट तुमच्याने झाले नाहीत आणि तो आळस विनोद म्हणून आम्हाला विकलात. माझ्या भाच्याने पुस्तक मिटून ‘मामा, हा बाहेर कसा आला?’ एवढेच विचारले. दहा वर्षांच्या पोराला पडणारा प्रश्न तुम्हाला पडत नसेल, तर लिहू नका. आणि मलपृष्ठावर ‘आमच्या नायकाला ठाऊक आहे की तुम्ही हे वाचत आहात!’ असे ठळक अक्षरांत छापले आहे, ते आधी खोडा. त्याला खरोखर ठाऊक असते, तर त्याने तोंड लपवले असते.